गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा: 'कट्यार' रंगमंचावरून पडद्यावर येताना

'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट २०१५ साली आला. त्याला बराच काळ लोटला, तरी आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्याचा विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. एका बाजूचे लोक म्हणतात, चित्रपटाने नाटक वाचवले. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, चित्रपटाने नाटकाचा प्राणच काढून घेतला. मला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात. संगीत नाटक पडद्यावर आणताना नेमके काय हरवते आणि काय नव्याने हाती लागते, याचा विचार या दोन्ही बाजू करताना दिसत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संगीत नाटकात गाणारा गळा आणि भूमिका करणारा देह एकाच माणसाचा असतो. हे इतके उघड आहे की त्याकडे आपले लक्षही जात नाही. पण संगीत नाटकाची सगळी ताकद मला त्यातच दिसते. पात्र रागावते आणि तोच माणूस त्याच श्वासात तान घेतो. पात्राचा अभिमान दुखावतो आणि तो दुखावलेपणा संवादात न मावल्यामुळे सुरांत उतरतो. चित्रपटाने पार्श्वगायनाची पद्धत स्वीकारली तेव्हा हा सांधा निखळला, आणि 'कट्यार'सारख्या नाटकाच्या बाबतीत तर तो निखळणे फार महागात पडते, कारण इथे गाणे हाच कथेचा विषय आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले आणि पं. जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेले हे नाटक नाट्यसंपदा या नाट्यसंस्थेने १९६७ साली रंगमंचावर आणले. पंडितजी या गवयाचा मत्सर करणाऱ्या खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. वसंतराव एका घराण्याच्या चौकटीत बसणारे गायक नव्हते. अनेकांकडून घेतलेले त्यांनी आपल्या गळ्यात आपल्या पद्धतीने मुरवले होते, आयुष्याची कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती आणि मैफलीतली मान्यता त्यांच्या वाट्याला उशिरा आली होती. त्यामुळे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या सावलीत राहिलेला खाँसाहेब हवेलीत पाऊल टाकतो आणि 'या भवनातील गीत पुराणे' गातो, तेव्हा ते पद केवळ पात्राचे राहत नसे. आमच्या पिढीला ते ध्वनिमुद्रणांतूनच भेटले, पण नुसत्या आवाजातूनही तो माणूस समोर उभा राहतो, इतका त्या आवाजात माणूस भरलेला आहे.

चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आहे आणि आवाज राहुल देशपांडे यांचा. दोघांच्याही मेहनतीबद्दल मला आदर आहे. सचिन यांनी खाँसाहेबांची चाल, नजर आणि शब्द चावून बोलण्याची लकब फार विचारपूर्वक बसवली आहे. राहुल तर वसंतरावांचे नातू. २०१० साली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा खाँसाहेबांची भूमिका त्यांनी स्वतः केली होती. पंडितजींच्या शिष्याची, सदाशिवाची भूमिका त्या प्रयोगांत महेश काळे यांची होती. म्हणजे गाणे आणि भूमिका एकाच देहात पेलणारे दोन कलावंत हाताशी असताना चित्रपटात ते दोघेही केवळ आवाज म्हणून उरले. काळे यांना 'अरुणी किरणी'साठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो सर्वस्वी योग्य होता. पण रंगमंचावर सदाशिव झालेला माणूस पडद्यावर सुबोध भावे यांच्या ओठांमागे उभा आहे, ही गोष्ट मला आजही खटकते.

खटकते म्हणजे काय, ते जरा बारकाईने सांगायला हवे. गवई मोठ्या तानेला हात घालण्याआधी श्वास घेतो. त्याचे खांदे किंचित वर येतात, मान ताठ होते, डोळे क्षणभर एका जागी थांबतात, आणि समोर बसलेला जाणकार श्रोताही नकळत आपला श्वास रोखून धरतो. तान संपवून गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की दोघांचा श्वास एकदम सुटतो. दाद येते ती याच क्षणी. पडद्यावर खाँसाहेबांची द्रुत तान चालू असताना जबडा हलतो, हात फिरतो, भुवया उंचावतात, सगळे काही जागच्या जागी असते. फक्त तो श्वास चेहऱ्यावर दिसत नाही, कारण तो स्टुडिओत केव्हातरी दुसऱ्याच छातीने घेतलेला असतो. कानाला जे पटते ते डोळ्याला पटत नाही. ज्याला गाण्याची सवय नाही त्याला हे कदाचित जाणवणार नाही, पण ज्या शहरात शेजारच्या खोलीतून कोणाचा ना कोणाचा रियाज कानावर येत असतो, तिथल्या प्रेक्षकाला ते जाणवल्यावाचून राहत नाही.

याचा उलटा पुरावा चित्रपटातच आहे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत आणि ते स्वतः गातात. ते मुरलेले नट नाहीत; संवादांच्या प्रसंगांत हे लपतही नाही. तरीही 'सूर निरागस हो' सुरू झाले की पंडितजी खरे वाटू लागतात, कारण त्या चेहऱ्यावर सूर लागण्याआधीची वाट पाहणे दिसते आणि सूर लागल्यानंतरचे समाधानही दिसते. ज्याचा गळा त्याचाच चेहरा असला की अभिनयातली उणीवसुद्धा झाकली जाते.

आमच्याकडे मराठी चित्रपट नियमित लागत नाहीत. मंडळातल्या काही जणांनी खटपट करून एका रविवारी सकाळचा खास खेळ ठरवला, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली बहुतेक मराठी कुटुंबे आली होती. 'तेजोनिधी लोहगोल' संपले आणि मागच्या रांगेतून एका वयस्कर काकांचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. चित्रपट अर्थातच पुढच्या प्रसंगाकडे गेला होता. काका काही क्षण तसेच पुढे झुकून बसले होते. नाटकात त्यांच्या त्या हाकेला उत्तर मिळाले असते. कदाचित पद दुसऱ्यांदा वेगळ्या अंगाने आले असते, एखादी जागा अधिक खुलली असती. नाट्यपदाची लांबी लेखक ठरवत नाही, गायक आणि प्रेक्षक मिळून ती त्या रात्रीपुरती ठरवतात. चित्रपटात ती संकलकाच्या टेबलावर कायमची ठरते. हा दोष कोणा दिग्दर्शकाचा नाही, माध्यमाचा आहे, आणि म्हणूनच तो मान्य करून दुसऱ्या कशाने तरी भरून काढावा लागतो.

तो कशाने भरून निघतो याचे उत्तर मला आमच्या ग्वाल्हेरच्याच एका आख्यायिकेत सापडते. दौलतराव शिंद्यांच्या काळी दरबारात बडे मोहम्मद खाँ यांच्या तानांचा दबदबा होता, आणि हस्सू खाँ व हद्दू खाँ या भावांनी पडद्याआड बसून, मोहम्मद खाँच्या नकळत, ती गायकी ऐकून ऐकून उचलली, असे सांगतात. पुढे हस्सू खाँनी 'कडक बिजली'ची तान घेतली आणि ती त्यांच्या जिवावर बेतली, असाही त्या कथेचा शेवट आहे. इतिहास म्हणून यातले किती घ्यावे ते जाणकारांनी ठरवावे. पण ग्वाल्हेर घराण्याची गायकी ज्यांच्या हातून पुढे गेली त्यांच्याबद्दलची ही कथा ऐकत आम्ही वाढलो, आणि म्हणून 'कट्यार'मधल्या खाँसाहेबांच्या हवेलीत राहून, त्यांच्या नकळत, त्यांचे गाणे कानांत साठवणारा सदाशिव आम्हाला कधी परका वाटला नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी चित्रपट नाटकाच्या पुढे जातो, असे माझे ठाम मत आहे. रंगमंचावर गवई गात असताना कोपऱ्यात लपलेल्या श्रोत्याकडे कोण बघणार? प्रेक्षकाची नजर गाणाऱ्यावर खिळलेली असते, आणि ती तशी असावी हेच नाटकाला हवे असते. कॅमेरा मात्र गाणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे जाऊ शकतो. सुबोध भावे गाताना मला पूर्ण पटले नाहीत. ऐकताना मात्र शंभर टक्के पटले. ज्याच्याबद्दल मनात द्वेष आहे त्याचेच गाणे आपल्याला जिंकून घेत आहे, ही ओढाताण त्यांच्या चेहऱ्यावर अगदी जवळून दिसते. तिथे आवाज कोणाचा आणि ओठ कोणाचे हा प्रश्नच उरत नाही. झरीनाच्या भूमिकेतल्या अमृता खानविलकर यांचे वडिलांच्या गाण्याकडे लागलेले डोळेही मला असेच लक्षात राहिले आहेत. पडद्यावर गाणे दाखवणे अवघड असते, पण ऐकणे फार सुंदर दाखवता येते. दिग्दर्शक म्हणून भावे यांनी ही वाट आणखी धीटपणे धरायला हवी होती, असे मला वाटते.

नवीन गाण्यांबद्दल आमच्यातले काही जण नाराज आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींच्या चालींना मोठ्या वाद्यमेळाचे कपडे चढवले, कव्वालीही आणली, पण मूळ पदांचे मर्म त्यांनी बिघडवले नाही. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद पंडितजींच्या संथ गायकीत आणि खाँसाहेबांच्या आक्रमक गायकीत, अशा दोन तऱ्हांनी येते. दोन घराण्यांचा वाद एका पदात मांडणारी ही अभिषेकींची योजना चित्रपटानेही सांभाळली. माझी तक्रार आहे ती खाँसाहेबांच्या रंगवण्याबद्दल. नाटकातला खाँसाहेब मत्सरी आहे, पण त्याचे गाणे आपल्याला त्याच्या बाजूला ओढत राहते. चित्रपटात कॅमेरा मत्सराच्या इतका जवळ जातो की माणूस पुष्कळदा खलनायकच होऊन बसतो. गाणाऱ्याचा गळा त्याच्या स्वतःच्या देहात असता तर हे इतके झाले नसते, असे मला राहून राहून वाटते.

हा पेच नवा नाही. 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या बोलपटात हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंबे यांनी केले होते, म्हणजे 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे टेंबेच. तेव्हा पार्श्वगायन रुळलेले नव्हते. कॅमेऱ्यासमोरच गावे लागे, त्यामुळे गळा आणि चेहरा एकत्र राहिले. पण केवळ तेवढे पुरत नाही, हे बालगंधर्वांच्या बाबतीत दिसले. 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये ते एकनाथ झाले आणि पुढे 'साध्वी मीराबाई' (१९३७) मध्ये रंगमंचावरच्या स्त्रीभूमिकेनिशी पडद्यावर आले. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यातल्या अंतराने जो भास उभा राहत होता, तो कॅमेऱ्याच्या जवळिकीने उरला नाही. गळा तोच होता, पण त्या गळ्याला लागणारे अंतर नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'संगीत मानापमान'बद्दल थोडक्यातच लिहितो. खाडिलकरांचे १९११ चे नाटक पदांवर उभे आहे, आणि ती पदे गाणाऱ्यागणिक बदलत गेली आहेत; दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधर केला तेव्हा त्या पदांचे रूपच पालटले. इतके गायकावर अवलंबून असलेले नाटक पडद्यावर आणताना कथा आणि भव्यता यांवर भर दिला गेला. नेत्रसुख पुष्कळ मिळाले, पण भामिनी किंवा धैर्यधर यांच्या गळ्याची ओळख मनात राहिली नाही.

मग करावे काय? लंडनच्या रंगमंचावर १९८५ पासून गाजलेल्या 'ले मिझराब्ल' या संगीतिकेवर २०१२ साली चित्रपट झाला, त्यात नटांनी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायले. कानात बसवलेल्या छोट्या यंत्रातून त्यांना पियानोची साथ ऐकू येत होती आणि वाद्यमेळ नंतर जोडला गेला. त्यामुळे लय नटाच्या हाती राहिली. सगळ्यांचेच गाणे सारखे उतरले असे नाही, पण श्वास आणि चेहरा एकत्र राहिले. आपल्या संगीत नाटकांना तर हे अधिक जवळचे आहे, कारण आपल्याकडची साथ मुळातच तबला, ऑर्गन आणि गायकाच्या मर्जीने चालणारी. नाट्यसंगीताची परंपरा आमच्या शहराशीही जोडलेली आहे: रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्याकडे शिकले आणि पुढे त्यांनी 'रणदुंदुभी'सारख्या नाटकांना चाली दिल्या. माधव संगीत महाविद्यालय तर १९१८ पासून आहे. अशा गावातला प्रेक्षक एखादे पद दहा मिनिटे एकाच चौकटीत, कात्री न लावता, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून पाहायला आनंदाने तयार होईल.

पुढचा कोणी दिग्दर्शक 'सौभद्र', 'स्वयंवर' किंवा पुन्हा 'कट्यार'च हाती घेणार असेल, तर त्याने नट शोधून त्याच्यासाठी आवाज शोधण्याऐवजी आधी गाता गळा शोधावा, त्याला वर्षभर अभिनयाच्या तालमीत बसवावे, आणि ध्वनिमुद्रण चित्रीकरणाच्या जागीच करावे. राहुल देशपांडे आणि महेश काळे यांनी २०१० च्या प्रयोगांत हे रंगमंचावर करून दाखवले आहे.