नाईकसाहेबांचा पाईप

घराचा नमुना आठचा उतारा काढायला ग्रामपंचायतीत गेलो, तर भिंतीवर वसंतराव नाईकांचा चकचकीत फ्लेक्स. जुनं चित्र कुठं गेलं, विचारलं.

"माळ्यावर टाकलं भाऊ. लय जुनं झालतं. अन् कोट पाह्यला का, हिरवा!"

हिरवाच होता. दुष्काळानंतर दिग्रसच्या एका पेंटरनं हार्डबोर्डवर काढलेलं ते चित्र. समोर पेपरातला काळा-पांढरा फोटो, रंग मनचे. सोसायटीच्या पाटीतला हिरवा उरला होता तो कोटाला लागला, असं आबा सांगायचे.

चित्रात आधी पाईपही होता. नाईकसाहेबांच्या हातात तो नसला तर ओळखायचं कसं? पण पुढं एका सरपंचाला वाटलं, 1 जुलैला, कृषी दिनाला शाळेची पोरं येतात, बरं दिसत नाही. पाईप रंगानं झाकला. हात मात्र ओठांजवळ तसाच राहिला.

आपलं हे नेहमीचंच. माणूस गेला की त्याला धुऊन-पुसून टांगायचं. पुसदजवळच्या गहुलीचा, बंजारा समाजातला हा माणूस 1963 ते 1975 मुख्यमंत्री होता. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या त्या त्यांच्याच समितीच्या अहवालावरून. अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 चं, त्यांच्याच काळातलं. हे भाषणात येतं, यायलाच पाहिजे.

पण त्यांच्याच काळात आलेल्या हायब्रीड ज्वारीबद्दल आमची आजी जे बोलायची, ते कोणी बोलत नाही. पोतं भरायचं, हे ती मान्य करायची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेली बाई ती, भरलेल्या पोत्याची किंमत तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण हे वाण लवकर निसवायचं, म्हणजे कणीस लवकर बाहेर पडायचं, अन् कणसं पावसात सापडायची, दाणा काळा पडायचा. ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. "माणसाचं भागलं, ढोरायचं काय?" हा तिचा प्रश्न. अन् तरी चित्राला हार घालायला तीच पुढं! सरकारनंच सगळा कापूस घ्यायचा, त्या एकाधिकार खरेदीचंही तसंच. भावाचा आधार होता, अन् चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची, वाट पाहणंही होतं.

मला हाच माणूस भिंतीवर पाहिजे. हिरव्या कोटाचा, पाईपवाला. फ्लेक्स वाटल्यास बाहेर लावा.

काल माळ्यावर चढून चित्र खाली काढलं. एक कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. अंगणात उन्हात तिरपं धरलं, तर वरच्या रंगाखालून पाईप अजून दिसतो.