स्टर्नड्राइव्हचा क्रॉस गप्प आहे म्हणजे धडधाकट आहे असं नाही

गेल्या दिवाळीपासून एक संदेश बोटवाल्यांच्या मोबाइलवर फिरतोय. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या मामांनीही तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘हे खरं का रे? तू तर दर वर्षी ड्राइव्ह उतरवायला लावतोस.’ संदेशात म्हटलंय ते असं: स्टर्नड्राइव्हमधला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीबाहेर लावलेल्या ड्राइव्हमधला, युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा क्रॉसचा सांधा) जन्मभराचा असतो. बेलोज (त्यावरचं घड्यांचं रबरी आवरण) फाटलेला नसेल आणि आवाज येत नसेल तर ड्राइव्हला हात लावू नका, उतरवणं ही मेकॅनिकची कमाई आहे. गोड्या पाण्यात गंजाची भीती नाही. आणि बदलायची वेळ आलीच तर गाडीच्या पार्ट्सच्या दुकानातून त्याच मापाचा क्रॉस आणून बसवा.

बडोद्यातच मकरपुऱ्यात आमचं गाड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचं वर्कशॉप आहे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर हे रोजचं काम. नर्मदेवरच्या बोटी ट्रेलरवरून येतात त्या वर्षातून मोजक्याच. जीपचा क्रॉस ज्याच्या हाताखालून गेलाय त्याला या संदेशातलं बरंचसं पटेल, कारण जीपच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. म्हणूनच उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

जीपचा शाफ्ट गाडीखाली उघडा असतो. वाकून हाताने हलवला की किती खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे ते कळतं. स्टर्नड्राइव्हचं तसं नाही. वोल्वो पेंटाने 1959 साली अशी पहिली यशस्वी जोडणी बाजारात आणली तेव्हापासून कल्पना तीच आहे: इंजिन बोटीच्या आत, ड्राइव्ह मागच्या भिंतीबाहेर, आणि दोघांच्या मध्ये दोन क्रॉसचा जॉइंट, रबरी बेलोजच्या आत बंद. बोट पाण्यात असते तेव्हा हा बेलोज पाण्याखाली असतो. ड्राइव्ह उतरवल्याशिवाय जॉइंट ना दिसतो, ना हाताला लागतो.

आता ‘आवाज नाही तर बिघाड नाही’ या मुद्द्याकडे येतो, कारण जास्तीत जास्त नुकसान यातून होतं.

दोन क्रॉस का असतात ते आधी पाहू. एकच क्रॉस 30 अंशांत वाकवला आणि इंजिनाकडून मिनिटाला 3000 फेरे दिले, तर पुढचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा जवळपास 2600 ते 3460 च्या दरम्यान हेलकावतो. वळणाचा अक्ष दोन क्रॉसच्या मधोमध ठेवला की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 15 अंश येतात. मग मधल्या तुकड्याचा हेलकावा साधारण 2900 ते 3105 एवढाच राहतो आणि दुसरा क्रॉस तोही फेडून टाकतो. म्हणजे वळताना दोन्ही क्रॉस झुलतात. सरळ जाताना मात्र त्यांना फारसं काम नसतं, आणि बोट बहुतेक वेळ सरळच जाते.

क्रॉसच्या चार दांड्यांवर कप बसतात, कपांत सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, असतात. बोट तासन् तास सरळ चालली की सुया एकाच जागी बारीक थरथरत राहतात. त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरकतं, नवं येत नाही, आणि दांडीवर सुयांच्या रांगेसारखे चरे उठतात. या अवस्थेत जॉइंटला खेळ नसतो, त्यामुळे तो वाजत नाही. उलट तो घट्टच असतो. ड्राइव्ह उतरवून जॉइंट हातात घेतला आणि सावकाश वाकवला तर नेमक्या मधल्या जागी बोटांना एक अडखळ जाणवते, दाराच्या कडीसारखी. ती अडखळ सापडली की क्रॉस गेला, मग कान काहीही सांगोत. खडखडाट सुरू होतो तो याच्या कितीतरी नंतर, सुया झिजून कपात मोकळ्या झाल्यावर.

सुरुवातीच्या वर्षांत मीच एका मालकांना सांगितलं होतं, ‘आवाज नाही ना, मग यंदा राहू द्या.’ पुढच्या हंगामाआधी गिअर ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी शिरलं होतं, म्हणून त्यांचा ड्राइव्ह उतरवावा लागला. जॉइंट पुसून पाहिला तर एका कपाच्या तोंडाशी लाल भुकटी साठलेली. कप काढला, आत सुयांच्या जागी गंजाचा चुरा. बोट शेवटच्या दिवसापर्यंत मुकाट चालली होती. पाण्याच्या मधोमध तो क्रॉस तुटला असता तर सुटलेल्या शाफ्टने आतून बेलोज फाडला असता, आणि बेलोजच्या भोकातून पाणी बोटीत शिरू शकतं. त्या दिवसापासून कानावर विसंबून मी कोणालाही सल्ला दिलेला नाही.

आवाज आला तरी तो क्रॉसचाच असेल असं नाही. वळताना किंवा ड्राइव्ह वर घेताना टक-टक, कट-कट ऐकू आली तर संशय जॉइंटवर घ्यावा. सलग घरघर, जी सुकाणू फिरवलं की कमी-जास्त होते, ती बहुधा गिंबल बेअरिंगची, म्हणजे मागच्या भिंतीत शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगची. घरघर ऐकून नवे क्रॉस टाकलेल्या बोटी मी पाहिल्यात. घरघर तशीच राहिली.

बेलोज ‘फाटलेला नाही’ हे ट्रेलरवर उभ्या बोटीच्या मागे वाकून ठरवता येत नाही. चिरा घड्यांच्या तळाशी पडतात आणि घड्या मिटलेल्या असताना दिसत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बोटी मे महिन्याच्या उन्हात ड्राइव्ह वर करून उभ्या असतात. एका बाजूला बेलोज ताणलेला, दुसऱ्या बाजूला चेपलेला, वर बडोद्याचं ऊन. रबराला याहून वाईट काही नाही. उभी करताना ड्राइव्ह खाली सोडून ठेवा, आणि वर घेतलेल्या ड्राइव्हने इंजिन पळवू नका. त्या कोनात क्रॉसवर जो ताण येतो त्यासाठी तो बनवलेलाच नाही.

गोड्या पाण्याबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. समुद्रात ड्राइव्हच्या ॲल्युमिनियमच्या घरावर जो मार बसतो तो नर्मदेत तेवढा नाही. पण क्रॉस पोलादाचा असतो, आणि पोलाद गंजायला मीठ लागत नाही, ओल आणि हवा पुरते. बेलोज शाबूत असला तरी आतली हवा दिवसा तापते, रात्री निवते आणि दव धरते. ग्रीस नसलेल्या कपाला तेवढं पुष्कळ.

मेकॅनिकच्या कमाईबद्दल: दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याचे पैसे लागतात. वर्षातून एकदा किंवा 100 तासांनी, जे आधी येईल ते. त्यातच गिंबल बेअरिंग फिरवून पाहता येतं, स्प्लाइनला (शाफ्टच्या टोकाच्या खाचांना) ग्रीस लागतं, ओ-रिंगा आणि गॅस्केट बदलतात, आणि मापाचा दांडा घालून इंजिन शाफ्टशी रेषेत आहे का ते कळतं. रेष चुकलेली असेल तर नवं बेअरिंगही फार टिकणार नाही.

‘जन्मभराचा’ हा शब्द कुठून आला ते मला समजतं. अलीकडच्या कित्येक क्रॉसना ग्रीसचा निपल नसतो, ते कारखान्यातून सीलबंद येतात. त्यांना ग्रीस मारायचं नसतं, एवढंच. तपासायचे ते निपलवाल्यांइतकेच. निपल असेल तर पाण्याने धुऊन न जाणारं मरीन ग्रीस चारही कपांतून नवं बाहेर येईपर्यंत द्या. एकाच कपातून आलं म्हणून थांबू नका, ज्यातून येत नाही तोच आजारी असतो.

उरला गाडीचा क्रॉस. माप जुळू शकतं, हे मी नाकारत नाही. कपाचा व्यास, दोन कपांमधलं अंतर, सर्क्लिप (कप अडवून धरणारी कडी) आतून बसते की बाहेरून, हे सगळं तंतोतंत जुळलेले क्रॉस मी हातात धरलेत. फरक कपाच्या तोंडाशी असतो. रस्त्यावरच्या क्रॉसचं सील धूळ आणि शिंतोडे अडवायला पुरतं. बेलोजमध्ये पाणी साचलं तर ते सील त्यात बुडून फिरणार असतं. मरीन क्रॉस महाग पडतो, पण मी तोच घालतो आणि दोन्ही एकदम बदलतो.

बसवताना हातोडा नको. व्हाइस किंवा प्रेस घ्या, कपाला सॉकेटचा आधार द्या, सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवा, आणि कप आत जाताना क्रॉस हाताने धरून सरळ ठेवा. सर्क्लिप खाचेत बसत नसेल तर ठोकू नका. कप परत काढा; बहुतेक वेळा तळाशी एक सुई आडवी पडलेली सापडते.