चेक चेक करून सांगते

‘चेक’ या शब्दाने माझा जितका छळ केलाय, तितका इंग्रजीतल्या दुसऱ्या कुठल्याच शब्दाने केला नसेल. शाळेत ‘लेफ्टनंट’च्या स्पेलिंगने रडवलं होतं, पण ते निदान एका जागी उभं राहून. चेक रोज वेष बदलून येतो. डॉक्टर बीपी चेक करतात, लोकलमध्ये चेकर चढतो, ठाण्याला निघालं की मुलुंडचा चेकनाका येतो. जकात 2017 साली जीएसटीच्या पोटात गेली, नाक्याचं नाव काही हललं नाही. घरातून निघताना बायको म्हणते, गॅस चेक केलात ना? आणि दर दिवाळीला मला जो शर्ट मिळतो, तो चेक्सचा.

पण खरा इंगा दाखवला तो कागदी चेकने. आमच्या मंदारच्या लग्नात आत्याने आहेर म्हणून पाच हजार एक रुपयांचा चेक दिला. आत्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. पाकिटात नोटा कोंबणं तिला असभ्य वाटतं आणि मोबाइलवरून पैसे पाठवणं म्हणजे आशीर्वाद न देता पळून जाणं. चेकवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘चि. मंदार व चि. सौ. कां. प्राजक्ता यांस’. आडनाव नाही. घरच्या पोराला आडनावाने कोण हाक मारतं? चेकवर मराठी चालतं, त्यामुळे भाषेवर कोणाला बोट ठेवता येईना. ते ठेवलं गेलं ‘चि.’वर.

नवी जोडी फिरायला गेलेली, त्यामुळे चेक घेऊन बँकेत मी.

“काका, चि. म्हणजे फर्स्ट नेम का?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“चिरंजीव.”

“खात्यावर चिरंजीव दिसत नाहीये.”

“ते खात्यावर नसतं गं, माणसावर असतं.”

“थांबा, मी चेक चेक करून सांगते.” तिने बराच वेळ कीबोर्ड बडवला. “मी टाकलंय, पण चेकरने ओके करायला हवं. सर जेवायला गेलेत.”

बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासायची अशी पद्धत असते. पहिला मेकर, दुसरा चेकर. पद्धत उत्तम आहे. फक्त दोघंही एकाच वेळी जागेवर आहेत, हे दृश्य बघण्याचा योग अजून आलेला नाही.

दोरीने बांधलेल्या पेनाशेजारी (दोरी मजबूत होती, रिफिल नव्हती) बसून मी मोबाइलवर या शब्दाचं कूळ शोधायला घेतलं. मूळ पुरुष निघाला फारशीतला ‘शाह’. म्हणजे साक्षात राजा! बुद्धिबळात राजावर चाल आली की ‘शाह’ म्हणून बजावायचं. तो शब्द अरबीतून लॅटिनमध्ये आणि जुन्या फ्रेंचमध्ये झिजत झिजत इंग्रजीत पोचला, तेव्हा त्याचा ‘चेक’ झाला होता. ‘शाह मात’चं झालं ‘चेकमेट’. आपल्याकडे हाच राजा फारसा न झिजता आला: शह, काटशह, मात. शह बसलेला राजा अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवलंच आहे तर तपासूनही घ्या, म्हणून चेक म्हणजे तपासणं. पटावरच्या चौकटी कापडावर आल्या आणि माझ्या दिवाळीची सोय झाली.

पुढची गंमत तर अस्सल बँकेतलीच. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबलावर व्हायचा. त्यावर चौकटींचं कापड, म्हणून त्या खात्याचंच नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. परगण्यापरगण्यांतले शेरीफ, म्हणजे राजाचे अंमलदार, वसुली घेऊन यायचे, समोर खजिनदार बसायचा आणि एक हिशेबनीस त्या चौकटींत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी करायचा. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने या खात्याचा कारभार लिहून ठेवलाय. त्यात तोच म्हणतो, की इथे बुद्धिबळासारखी लढाई चालते, खजिनदार विरुद्ध शेरीफ. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतात. म्हणजे काउंटरपलीकडचा आपल्याला शह देणार, ही प्रथा साडेआठशे वर्षं जुनी आहे. उगाच या मुलीवर चिडण्यात अर्थ नव्हता.

आता कागदाचा चेक. अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणत ते अर्धुकाला, म्हणजे फाडल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्याला. तो जुळवून लबाडी पकडायची. पुढे नाव सबंध कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या नादाने स्पेलिंगला क्यू-यू-ईचं शेपूट लावलं, अमेरिकनांनी ते लावून घेतलं नाही. या सगळ्या गोतावळ्यात युरोपातला चेक देश तेवढा निरुपद्रवी. त्याचा या राजाशी काही संबंध नाही.

एवढ्यात आत्याचा फोन. “चेक वटला का रे?”

“नाही. बँक म्हणते, दुसरा लिहून द्या.”

“का? शुद्धलेखनाची चूक आहे?”

“नाही.”

“व्याकरणाची?”

“तीही नाही.”

“मग मी का लिहू? तू त्यांना घाई करायला सांग. पूर्वी चेक सहा महिने टिकायचे, 2012 पासून तीनच महिने टिकतात.”

सर आले. अंगात चेक्सचा शर्ट. त्यांनी चेक उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“नावं दोन आहेत, मध्ये ‘व’ आहे. दोघांचं जॉइंट खातं लागेल.”

“पाच हजार एक रुपयांसाठी?”

“रकमेचा प्रश्न नाही, ‘व’चा आहे. आधार, पॅन, फोटो आणा. आणि मॅडमच्या जुन्या खात्याचा एक कॅन्सल्ड चेक.”

म्हणजे चांगला कोरा चेक घ्यायचा, त्यावर दोन आडव्या रेघा ओढून, मध्ये ‘कॅन्सल्ड’ लिहून तो कुचकामी करायचा, की बँक तो बिनतक्रार स्वीकारते. मी आत्याचा चेक पुढे सरकवला. “सर, यावरच दोन रेघा मारून दिल्या तर?”

सर हसले नाहीत. चेक माझ्याकडे परत ढकलून ते मुलीला म्हणाले, “यांचं नक्की काय काम आहे, ते चेक कर जरा.”