श्रावण, पाऊस आणि दर्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

श्रावणावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन हरकती घेतल्या आहेत. २०२३ साली नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, नौका मात्र १ ऑगस्टपासूनच दर्यात होत्या. मग हा सण समुद्राशी जोडलेला कसा, ही एक. आपला श्रावण लागायच्या पंधरा दिवस आधी उज्जैनला सावन सुरू होतो, म्हणजे कुठलं तरी एक पंचांग चुकतंय, ही दुसरी. यावरून तुम्ही म्हणता, की चांद्रमासाचा ऋतूशी काही संबंध उरलेला नाही आणि आम्ही जुन्याचं उगाच कौतुक करतो.

दुसरी हरकत आधी घेतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच राहतं, वद्य पक्षाचं तेवढं बदलतं. आपली श्रावण वद्य अष्टमी म्हणजे त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. तिथी तीच, गोकुळाष्टमीही तीच. आपल्या आषाढ वद्यातले सोमवार त्यांच्याकडे सावनात मोजले जातात, एवढाच फरक. चूक कुणाचीच नाही.

आता नारळी पौर्णिमा. तुम्ही दिलेल्या तारखा बरोबर आहेत. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत आटोपतात, सौर वर्षाला अकरा दिवस कमी पडतात, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरावा लागतो. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट या महिन्यात सूर्याने रास बदललीच नाही. सिंह संक्रांत, म्हणजे सूर्याचा सिंह राशीत प्रवेश, झाली १७ ऑगस्टला. म्हणून तो महिना अधिक श्रावण ठरला आणि सगळे सण पुढे गेले. २०२४ ला हीच पौर्णिमा १९ ऑगस्टला होती, २०२५ ला ८ ऑगस्टला. तीन आठवड्यांची ही हालचाल पाहता पावसाचा अंदाज तिथीवर बांधता येणार नाही, हे उघड आहे.

पण तो तसा कुणी बांधलाच नव्हता! आपला शेतकरी पाऊस मोजतो तो सूर्याच्या नक्षत्रांवर, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्यावर. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, मग वर्षात अधिक महिना असो वा नसो. पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पेरणी साधली की हुकली हे गावात मृगावरून बोलतात, ज्येष्ठ शुद्ध अमुक तिथीवरून नाही. श्रावणातले उपवास छापलेल्या त्याच पंचांगात ही नक्षत्रं आणि त्यांची वाहनंही असतात, बेडूक, मोर, कोल्हा वगैरे. दोन कामांना दोन मापं होती आणि ती एकाच घरात बिनतक्रार चालत. तुम्ही एका मापाकडे दुसऱ्याचं काम मागताय.

चंद्राचं काम कुठलं म्हणाल, तर भरती-ओहोटीचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, हे किनाऱ्यावरच्या माणसाला तिथीवरून कळतं. कोकणात एक सोपा हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. थोडं इकडेतिकडे होतं, पण खाडीतून होडी काढायला तेवढं पुरतं. इंग्रजी तारखेवरून हा हिशेब कुणी करून दाखवावा. समुद्राची पूजा उधाणाच्या तिथीला होते, हे मला अतिशय सयुक्तिक वाटतं.

राहिला १ ऑगस्ट. ती तारीख पंचांगाची नाही, सरकारी आहे. २०२३ साली महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी होती. त्यापूर्वी एकेकाळी ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. म्हणजे पौर्णिमा लवकर आली तर ती पाळायची, अधिक महिन्यामुळे लांबली तर १५ ऑगस्टला नौका सोडायच्या. चंद्र आणि सूर्य दोन्ही सांभाळणारा हा नियम मला आजच्यापेक्षा शहाणा वाटतो. सण आणि नौका यांच्यात जी फट तुम्हाला दिसली, ती तो नियम गेल्यावर रुंदावली. बंदी पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत न्या, ही मच्छीमारांकडून झालेली मागणी म्हणूनच मला पटते. त्याबद्दल तुमचं मत काय, ते जरूर लिहा.