औषधं विकणाऱ्याने मेंदूवर लिहावं का? : एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘फिटची गोळी मेंदूला झोपवत नाही’ या माझ्या लेखाखाली आपण चार वाक्यं टाकून गेलात. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी देतो: “औषधं विकणाऱ्याने मेंदूविज्ञान शिकवू नये. गड्ड्यातल्या पोलिसाची उपमा बालिश आहे. सगळ्याच गोळ्या सोडियमवर काम करत नाहीत. माझा पुतण्या गोळी घेऊन दिवसभर पेंगतो आणि तुम्ही म्हणता मेंदू झोपत नाही!”

खाली नाव नाही, गाव नाही. आमच्या सोलापुरात भांडायचं असेल तर माणूस दुकानासमोर उभा राहून भांडतो. असो.

मी औषधं विकतो, हे खरंच आहे. त्यात लपवण्यासारखं काय? पण औषध पेशीवर नेमकं कुठं जाऊन बसतं, हा फार्मसीचा अख्खा विषय आहे आणि तो पास झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. न्यूरोकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरकडे, नंबर लावून आलेला माणूस आत गप्प बसतो आणि बाहेर येऊन आम्हाला विचारतो, “ही गोळी डोकं बधिर करते का हो?” त्याला मी काय सांगायचं होतं? ‘मी विकणारा, मला विचारू नका’? हेच ऐकून लोक घरी जाऊन गोळी अर्धी करतात, मग बंद करतात आणि चार दिवसांनी थांबता न थांबणारी फिट घेऊन रात्री सिव्हिलला पळतात. लेख त्यांच्यासाठी होता. आपल्यासारख्या जाणकारांसाठी नव्हता.

आता ती ‘बालिश’ उपमा. होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत पोलीस पोराबाळांना घेऊन रमतगमत चाललेल्यांना अडवत नाही, रेटारेटी करणाऱ्याला धरतो. फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन या फिटच्या गोळ्या हेच करतात, आणि ते कसं, ते आता उपमा सोडून सांगतो. मेंदूतल्या पेशीच्या आवरणावर सोडियम आत सोडणारी दारं असतात. संदेश जाताना दार सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं उघडतं आणि लगेच आतून अडकतं. या अडकलेल्या अवस्थेतून ते सावरलं, तरच पुन्हा उघडू शकतं. ही औषधं नेमकी त्या अडकलेल्या दाराला चिकटतात आणि त्याचं सावरणं लांबवतात. निवांत चाललेल्या पेशीला दोन संदेशांच्या मध्ये भरपूर वेळ मिळतो, तिला फारसा फरक पडत नाही. फिटमध्ये जी पेशी सेकंदाला शेकडो वेळा पेटायला बघते, तिची दारं वेळेत मोकळी होत नाहीत आणि ती थंडावते. पेशी जितकी उतावीळ, तितकी जास्त अडते. हे बालिश वाटत असेल तर वाटो.

आणि फिट थांबवणं वेगळं, गुंगी आणणं वेगळं, हे मी दुकानात बसून रचलेलं नाही. 1912 मध्ये जर्मनीत हाउप्टमान या डॉक्टरने रुग्ण रात्री शांत झोपावेत म्हणून फेनोबार्बिटल दिलं आणि त्यांच्या फिट कमी झाल्या. तेव्हा सगळ्यांना वाटलं, झोपवल्यामुळेच फिट थांबते. 1938 मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी मांजरांवर प्रयोग करून, गुंगी न आणता झटके थांबवणारं औषध शोधून दाखवलं. तेच फेनिटोइन. आपल्या प्रतिक्रियेच्या आधी या गोष्टीला बरीच वर्षं झाली.

घरचंही सांगतो, म्हणजे पुस्तकी वाटायला नको. माझे थोरले अण्णा पूर्व भागात यंत्रमागावर होते. रात्रपाळी, जागरण, आणि मागासमोरच फिट. लोकांनी चप्पल हुंगवली. तोंडात चमचाही घालणार होते, मुकादमाने हात धरला म्हणून दात वाचले. डॉक्टरांनी फेनिटोइन सुरू केलं आणि मागावरून उठवलं. तेव्हापासून ते घडी खात्यात चादरी मोजायचे. गोळीने हिरड्या इतक्या वाढल्या की पुढचे दात निम्मे झाकले गेले. हसताना तोंडावर हात धरायचे. पण चादरींचा हिशेब कधी एका नगाने चुकला नाही. झोपलेला मेंदू मोजणी करतो का? वहिनी म्हणायची, यांचं बोलणं संथ झालंय. पण अण्णा मुळातच कमी बोलायचे.

सगळ्या गोळ्या सोडियमवर चालत नाहीत, हे मान्य. लेव्हेटिरासिटॅमला मी एकच ओळ दिली होती, दोन द्यायला हव्या होत्या. ते सोडियमच्या दाराला हात लावत नाही, संदेशाची रसायनं भरलेल्या पिशव्यांवरच्या एसव्ही2ए नावाच्या प्रथिनाला चिकटतं. फेनोबार्बिटल आणि क्लोबाझाम ‘गाबा’चा, म्हणजे पेशींना शांत करणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचा, ब्रेक जोरात लावतात: पहिलं क्लोराइडचं दार जास्त वेळ उघडं ठेवतं, दुसरं ते जास्त वेळा उघडतं. त्यांनी झोप येते, लेखात तसं म्हटलंही होतं. शेवटपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं.

राहिला पुतण्या. गोळी कुठली, किती मिलिग्रॅम, सोबत आणखी काय चालू आहे, यातलं काही न सांगता माझ्यावर खटला भरलात. फेनिटोइन असेल तर यकृताची ते पचवायची क्षमता एका मर्यादेपर्यंतच असते. त्यापुढे मात्रा थोडी जरी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं, आणि मग माणूस पेंगतो, चालताना झोकांड्या खातो. रक्ततपासणीत ते कळतं. तेव्हा न्यूरोला स्पष्ट सांगा की पोरगं दिवसभर पेंगतंय. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच नको.

चिठ्ठी घेऊन दुकानात आलात तरी चालेल, बघून सांगीन. रविवारी दुपारनंतर बंद असतं.