मध्यंतर

परदेशात असताना घरची आठवण नेमकी केव्हा यायची, असे म्हापशाची मामी मला अधूनमधून विचारते. चवथीला किंवा हुमण-शीत (माशांची आमटी आणि भात) आठवल्यावर, असे उत्तर तिला अपेक्षित असते. मी खरे ते सांगतो, की सिनेमा अर्धा झाल्यावर.

म्युनिकमध्ये मी सहा वर्षे नोकरी केली. पहिल्याच महिन्यात, दिवसभर जर्मन ऐकून कान किटले म्हणून इंग्रजीचा आसरा घ्यायला एका हॉलिवूडपटाला गेलो, तर नायकाने तोंड उघडताच अस्खलित जर्मन बाहेर पडले. तिथे परदेशी चित्रपट बहुतेक ठिकाणी डब करूनच दाखवतात आणि मूळ भाषेतला खेळ हवा असेल तर जाहिरातीत 'ओव्ही' ही अक्षरे शोधावी लागतात, हे ज्ञान मला तिकिटाचे पैसे गेल्यावर झाले. एकेका नटाचा तिथला आवाजही वर्षानुवर्षे ठरलेला. श्वार्झनेगर आणि स्टॅलन या दोघांनाही थॉमस डॅनेबर्ग यांचाच आवाज असे, त्यामुळे 2010 मध्ये दोघे एकाच पडद्यावर आले तेव्हा स्टॅलनसाठी दुसरा माणूस आणावा लागला. श्वार्झनेगर तर जन्माने ऑस्ट्रियन, म्हणजे जर्मन ही त्याची मातृभाषा, तरीही ती त्याच्या तोंडी दुसऱ्याने घातलेली! त्या अंधारात मला तेवढाच एक सोबती वाटला.

पॉपकॉर्नच्या काउंटरवरच्या मुलीने काहीतरी विचारले, त्यातले 'ज्यूस' एवढेच मला कळले आणि मी आनंदाने मान डोलावली. जर्मनमध्ये त्या उच्चाराच्या जवळपासचा शब्द 'गोड' या अर्थाचा आहे. साखरेचे पॉपकॉर्न मांडीवर घेऊन मी दोन तास ज्यूसची वाट पाहिली.

पण खरी परीक्षा हिंदी चित्रपटाची. जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत पाहणारी आमची जात. तीन तासांचे आम्हाला काय भय? फक्त त्या नाटकाला अंकाअंकांमध्ये पडदा पडतो आणि बाहेर चहा व खाजे असते. म्युनिकमध्ये ऐन मोक्याच्या प्रसंगी पडद्यावर भली मोठी 'इंटरव्हल' ही अक्षरे उमटली, सभागृहातले आम्ही यच्चयावत भारतीय अर्धवट उठलो, आणि दोन सेकंदांत अक्षरे विरून चित्रपट पुढे सुरू झाला. दिवे लागलेच नाहीत. बसावे की जावे या विवंचनेत सगळी रांग क्षणभर वाकलेलीच राहिली. मी बसलो, आणि उरलेला दीड तास कथानकापेक्षा मूत्राशयाकडेच लक्ष देऊन काढला. पुढच्या वेळेपासून दुपारनंतर पाणी बंद, हा नेम मी सहा वर्षे पाळला.

गेल्या डिसेंबरात मामीला घेऊन पणजीत सिनेमाला गेलो. तीच अक्षरे उमटली, दिवे लागले, रांगच्या रांग बाहेर पडली आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिलो.

"अरे, ऊठ ना," मामी म्हणाली, "मला बाहेर जायचे आहे, आणि वाटेत तुझे गुडघे आहेत."