कितवं वेत?

काल संध्याकाळी प्राण्यांच्या निवारा केंद्रातून मेसेज आला. 'दत्तक करारानुसार एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवण्याची परवानगी आहे. आपण पाठवलेल्या फोटोत ४ प्राणी दिसत आहेत. कृपया खुलासा करावा.'

खुलासा म्हणे! आणि तो मी करायचा! मी एकच जनावर आणलं होतं हो. बाकीची तीन तुम्हीच आत भरून दिली होती.

झालं असं की मुलीला कुत्रं हवं होतं, घरमालकांना कुत्रं नको होतं आणि तह गिनिपिगवर झाला. दुकानातून विकत घेण्यापेक्षा कुणीतरी टाकून दिलेलं आणावं, हा शहाणपणा माझा. हा शब्द बायको अजूनही वापरते, फक्त सूर वेगळा असतो.

केंद्रात ४ पानांचा फॉर्म. वीजबिल, पगार, कामाचे तास, गावाला गेल्यावर जनावर कोण सांभाळणार, घरात मोठ्या आवाजात भांडणं होतात का. त्यात एक प्रश्न, 'घरात मांसाहार होतो का?' कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न! मी प्रामाणिकपणे 'बुधवार, रविवार' असं लिहिलं, तर समोरच्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मग घरभेट. दोघं आले, खिडकीच्या जाळीची मापं घेतली, पंखा चालू-बंद करून बघितला, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि 'कळवतो' म्हणून गेले. मुलगी बघायला आलेले पाव्हणेसुद्धा जरा लाजतात. तीन आठवड्यांनी मी पास झालो. देणगी दीड हजार, ऐच्छिक. म्हणजे पावती आधीच फाडलेली होती. सोबत एक कागद : 'नाव : बंटी. लिंग : नर. वय : अंदाजे १ वर्ष. स्वभाव : शांत.'

शांत होता हे खरं. खायचा आणि बसायचा. पंधरा दिवसांत बसल्यावर त्याचा आकार पेढ्यासारखा दिसायला लागला. 'आपल्याकडं रुळला,' असं मी घरात अभिमानानं सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी तात्या आले.

तात्या आमच्या बोळातच राहतात. ऐन उमेदीत गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाला समोर धार काढून द्यायचे. आता म्हशी नाहीत, गोठ्याच्या जागी नातवाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पण नजर अजून गोठ्यातलीच. हात पाठीमागं बांधून ते पिंजऱ्यासमोर उभे राहिले.

"ह्यो ससा?"

"गिनिपिग, तात्या."

"कान कुटं गेलं ह्येचं?"

"एवढेच असतात."

"शेपूट?"

"नसतं."

बाजारात कुणीतरी अर्धवट माल गळ्यात मारलाय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"दूध?"

"नाही."

"अंडी?"

"नाही ओ."

"राखण तरी?"

"नाही. पण फ्रीज उघडला की शिट्टी मारतो."

"शिट्टी कुकर बी मारतोय की. मग कशाला पाळलाईस?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आपण वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही. म्हटलं, "तिकडं दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात, हे आवडीनं खातात. कुस्को गावच्या मोठ्या चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे, अठराव्या शतकातलं. मार्कोस सापाता म्हणून चित्रकार होता त्याचं. त्यात मधल्या ताटात हेच ठेवलंय, अख्खं."

तात्या पहिल्यांदा खाली बसले. विषय त्यांच्या हद्दीत आला होता.

"रस्सा तांबडा का पांढरा?"

"रस्सा दिसत नाही चित्रात."

"म्हंजे कोरडंच?" येशूबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं. "शेवटचं जेवण, आणि रस्सा न्हाई?"

बोलता बोलता त्यांनी पिंजऱ्यात हात घातला. मी घातला की बंटी कोपऱ्यात पळायचा, तात्यांच्या हातात तो लोण्यासारखा आला. एक तळवा छातीखाली, दुसरा मागं. अलगद उताणा केला, पोटावरच्या केसांवर फुंकर मारली, अंगठ्यानं जरासं दाबून बघितलं. मग दोन बोटं पोटाच्या कडेला ठेवून ते डोळे मिटून थांबले, रेडिओवर बातम्या ऐकत असल्यासारखे.

"नर म्हणालास न्हवं?"

"कागदावर तसं लिहिलंय."

"कागद गाभण न्हाई लेका. ही हाय."

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. आई ऐकत होती.

"कितवं वेत?" तात्यांनी विचारलं.

"काय?"

"पयलारू हाय, का आधी याली हाय? म्हस घेताना पयला सवाल ह्योच. दात बघायचं, कास बघायची, वेत इचारायचं. तू काय इचारलास तिथं?"

"मी नाही, त्यांनीच मला विचारलं."

"काय इचारलं?"

"पगार."

तात्या बराच वेळ हसत होते. तासाभरात ती गोष्ट बोळाच्या दोन्ही टोकांना पोचली. संध्याकाळी मी दळण आणायला गेलो तर गिरणीवाला म्हणाला, "पेढं कधी?"

मी केंद्रात फोन लावला. पलीकडचा आवाज अत्यंत गोड होता. "सर, आमच्याकडून गेला तेव्हा बंटी एकटाच होता. तुमच्या घरी दुसरा नर आहे का?" आमच्या घरात आई, बायको, मुलगी आणि मी. तोंडातून निघून गेलं, "मीच आहे." पलीकडं शांतता पसरली, आणि त्या शांततेत काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. मी घाईनं सांगितलं की बाई, गिनिपिगचे दिवस ५९ ते ७२ असतात आणि मला आणून १९ झालेत, हे गणित चौथीतलं आहे. "वरिष्ठांना विचारून कळवते," म्हणाल्या. अजून विचारताहेत.

डॉक्टरांकडं नेलं. रांगेत एक लॅब्रेडॉर, एक आजारी बोकड आणि आम्ही. डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न काय विचारावा? "पहिल्यांदाच आहे का?" तेच, शुद्ध मराठीत कितवं वेत. मग त्यांनी कारण सांगितलं. मादी सहा-सात महिन्यांची व्हायच्या आत एकदाही व्याली नसेल, तर तिच्या कमरेखालचा हाडांचा सांधा घट्ट होत जातो. नंतर पिल्लं अडकू शकतात. मग ऑपरेशन, आणि एवढ्याशा जिवाला भूल मानवेलच असं नाही.

बंटीचं वय अंदाजे एक वर्ष. त्या रात्रीपासून माझं हसणं बंद झालं. मुलगी रोज शाळेत जाताना पिंजऱ्यापाशी बसायची आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळायचो. चार पानांत माझ्या खिडकीच्या जाळीची मापं आहेत, पण हिच्याबद्दल एक धड ओळ नाही. केंद्रात मी स्वतः बघितलंय, एकाच खोक्यात पाच गिनिपिग होते, वर चिठ्ठी 'लहान प्राणी'. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करावी लागतात आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, हे माझ्यासारख्या खातेवह्या लिहिणाऱ्याला एका दुपारी वाचून कळलं. मला तीन आठवडे उलटंपालटं करून बघितलंत, तिला एकदा करायचं होतं. दहा सेकंदांचं काम. तात्यांना चष्मासुद्धा लागला नाही.

असो. खाण्याचं ऐका. माणसासारखंच ह्या जनावराच्या अंगातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज पोटातूनच द्यावं लागतं. म्हणून ढबू मिरची, कोथिंबीर आणि पेरू. पेरूच्या जनावराला पेरू, हा विनोद मी घरात तीन वेळा केला, कुणी दाद दिली नाही. शिवाय डॉक्टरांनी गाभण आहे तोवर कॅल्शियमसाठी अल्फाल्फाचं वाळलं गवत लिहून दिलं. परदेशी पाकीट, सातशे रुपये. तात्यांनी पाकिटावरचं चित्र लांब धरून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आरं, ही आपली लसूणघास! म्हशीला भारं घालत हुतो!" दुसऱ्या दिवशी वडणग्याच्या पाव्हण्याच्या शेतातली एवढी मोठी पेंढी दारात. चक्क फुकट.

आईचा पक्षही बदलला. आधी 'त्या उंदराला माझ्या स्वयंपाकघरात आणू नका' होतं. आता स्वतः ढबूच्या बिया काढायची. "पोटुशीला उपाशी ठेवू नये," म्हणायची. मला चहा दोनदा मागावा लागायचा.

गेल्या गुरुवारी पहाटे, म्हणजे आणल्यापासून चौतिसाव्या दिवशी, बंटी व्याली. कुणाला पत्ताही लागला नाही. सकाळी बघतो तर तीन पिल्लं. अंगावर केस, डोळे टक्क उघडे, तोंडात दात, आणि आईच्या मागं तुरुतुरु पळताहेत. एक तर गवताची काडी चावत होतं. मी तिथंच फरशीवर बसलो. बसलो म्हणजे पाय गेले माझे.

तात्या आंघोळ अर्धी टाकून आले. "वार पडली?"

"तिनंच खाल्ली."

"शाणी हाय." मग एकेक उचलून उताणं केलं, फुंकर मारली. "दोन रेडं, एक रेडी." मी कालनिर्णयवर बरोबर तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी खूण केली. दुसरा पिंजरा आणायचा होता.

आणि आनंदाच्या भरात केंद्राला फोटो पाठवला. त्याचं हे फळ. एका पिंजऱ्यात एकच म्हणे! तिकडं स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार गिनिपिग एकटा ठेवता येत नाही, कारण ते कळपातलं जनावर आहे. तिथं मी कायदा पाळणारा सज्जन ठरलो असतो.

आज सकाळी खुलासा लिहायला बसलो होतो. 'महोदय' पुढं काही सुचेना. तेवढ्यात तात्या आले. पिंजऱ्यापाशी बसून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "ती रेडी मला दे. नातवाच्या दुकानात ठिवतो. एकटी न्हाई ठिवत, जोडीला दुसरी मादी बघतो कुठंतरी."

का कोण जाणे, माझा हात ड्रॉवरकडं गेला. फॉर्मची झेरॉक्स अजून तिथंच होती. मी पेनचं टोपण काढलं.

"तात्या, बसा जरा. घरात मांसाहार होतो का?"

तात्यांनी कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खुळा का काय? आज बुधवार. जेवायलाच बोलवायला आलोय की तुला."